घर घेण्यापूर्वी बसून हिशेब करा

१ स्वतःचे घर असावे ही इच्छा कोणाला नसते? अकरा महिन्यांचा भाडेकरार संपत आला की घरमालक काय म्हणेल या धास्तीत ज्यांनी रात्री काढल्या आहेत, बदलीपायी ज्यांनी इंदूरहून बडोद्यास आणि बडोद्याहून बंगळूरला बिऱ्हाड हलवले आहे, त्यांना चार भिंतींचे मोल निराळे सांगावयास नको. ही इच्छा मुळीच गैर नाही. तथापि, हीच इच्छा पुष्कळदा माणसाला घाई करावयास लावते. मग जे घर विसाव्यासाठी घेतले तेच झोप उडवणारे ठरते. असे का होते बरे?

२ बुरूज बांधू इच्छिणाऱ्या मनुष्याचा दाखला आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यातील मर्म असे की, हिशेब पाया घालण्याआधी करावयाचा असतो, नंतर नव्हे. आज मात्र अनेक कुटुंबे इसार देऊन मोकळी होतात आणि मग वही उघडतात. यास्तव, पुढील प्रश्नांचा विचार करणे हितावह ठरेल: घराची खरी किंमत किती? दरमहा किती ओझे आपल्याला पेलेल? सही करण्याआधी कोणते कागद पाहावेत? आणि घर झाल्यावर ते कुटुंबासाठी सुरक्षित कसे राखावे?

घराची खरी किंमत

३ जाहिरातीतील किंमत ही घराची पूर्ण किंमत नसते. प्रथमतः हे लक्षात घ्या की, कोणतीही बँक संपूर्ण किमतीइतके कर्ज देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतचे कर्ज घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० लाखांहून अधिक व ७५ लाखांपर्यंतचे ८० टक्के आणि त्याहून मोठे ७५ टक्के असू शकते. शिवाय, हे मूल्य ठरवताना मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च सहसा धरला जात नाही. म्हणजेच तो खर्च तुम्हाला स्वतःच्याच पैशांतून करावा लागतो.

४ एक उदाहरण घ्या. असे समजा की, बांधकाम चालू असलेल्या इमारतीतील ४० लाखांची सदनिका तुम्ही पसंत केली आणि ३० लाखांचे कर्ज मिळाले. तुम्ही म्हणाल, “मला १० लाख उभे करावयाचे आहेत.” खरेच का? मुद्रांक शुल्क ७ टक्के धरल्यास २ लाख ८० हजार रुपये होतात. नोंदणीसाठी ३० हजार धरा. बांधकाम चालू असलेल्या घरावर वस्तू व सेवा कर लागतो. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या सदनिकेवर तो १ टक्का, म्हणजे येथे ४० हजार आहे. व्याख्येत न बसल्यास तो ५ टक्के, म्हणजे २ लाख होईल. वकिलाची फी, सोसायटीची अनामत रक्कम, वीजजोडणी, पंखे, ओटा व कपाटे यांसाठी दीड लाख धरा. बेरीज किती झाली? १० लाख नव्हे, तर १५ लाख!

५ हे वरचे ५ लाख कोठून येतात? येथेच पुष्कळांचा पाय घसरतो. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली रक्कम मोडली जाते, दागिने गहाण पडतात, किंवा जास्त व्याजाचे वैयक्तिक कर्ज काढले जाते. गृहकर्जाचा पहिला हप्ता सुरू होण्याआधीच कुटुंब दुसऱ्या हप्त्याखाली वाकलेले असते. याउलट, हीच बेरीज दोन वर्षे आधी मांडली असती तर तेवढा काळ बचत करता आली असती, किंवा थोडे लहान घर निवडता आले असते. मुद्रांक शुल्काचा दर राज्याराज्यांत निरनिराळा आहे आणि काही राज्यांत स्त्रीच्या नावे खरेदी केल्यास सवलत मिळते. महाराष्ट्रात ती १ टक्क्याची आहे. म्हणून आपल्या राज्यातील दर आधीच विचारून घ्या. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर वस्तू व सेवा कर लागत नाही, हेही तुलना करताना ध्यानात ठेवा.

बँक किती देईल की आपल्याला किती पेलेल?

६ हे दोन प्रश्न एकच नाहीत. साधारणतः कर्ज देणाऱ्या संस्था सर्व हप्ते मिळून हाती येणाऱ्या उत्पन्नाच्या ४० ते ५० टक्क्यांपर्यंत जाऊ देतात. परंतु बँकेला तुमच्या वृद्ध आईच्या औषधांचा खर्च ठाऊक नसतो. गावाकडे धाकट्या भावाला तुम्ही दरमहा काय पाठवता, दान किती देता, याची नोंद तिच्या अर्जात नसते. म्हणून आपला हिशेब आपणच केला पाहिजे. सर्व हप्ते मिळून हाती येणाऱ्या उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या आत राहावेत, हा कित्येक कुटुंबांसाठी सुज्ञपणाचा मापदंड ठरतो.

७ तो हप्ता आपल्याला झेपेल की नाही, हे आधी ताडून पाहता येईल काय? होय. समजा, तुम्ही आता १२,००० रुपये भाडे देता आणि होणारा हप्ता २६,००० रुपये आहे. तर पुढील सहा महिने पगार होताच फरकाचे १४,००० रुपये वेगळ्या खात्यात टाका व उरलेल्यात संसार चालवा. सहा महिने हे निभावले तर तुम्हाला खात्री मिळेल, शिवाय ८४,००० रुपयेही हाती येतील. न निभावल्यास तेही बरेच झाले, कारण ही गोष्ट सही करण्याआधी समजली. बांधकाम चालू असलेले घर घेणाऱ्यांनी तर याचा विशेष विचार करावा. ताबा मिळेपर्यंत भाडे आणि कर्जाचे व्याज ही दोन्ही ओझी एकाच वेळी वाहावी लागतात.

८ कर्जाची मुदत ठरवतानाही सावधगिरी हवी. ३० लाखांचे कर्ज ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील २१,२५० रुपये केवळ व्याजात जातात. मुद्दल फिटते ते अवघे ४,७८५ रुपये. वीस वर्षांत एकंदर व्याज होते सुमारे ३२ लाख ५० हजार, म्हणजे मुद्दलाहूनही अधिक! तेच कर्ज १५ वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे २९,५४२ रुपये होतो आणि व्याज सुमारे २३ लाख २० हजार. दरमहा साडेतीन हजार रुपये अधिक दिल्याने सव्वानऊ लाखांहून जास्त रक्कम वाचते.

९ यावरून मोठा हप्ता नेहमीच चांगला असा निष्कर्ष काढावयाचा का? नाही. उत्पन्न अनिश्चित असल्यास लांब मुदतीचा लहान हप्ता घ्यावा आणि जेव्हा बोनस वा थकबाकी मिळेल तेव्हा मुद्दलात भरावी. बदलत्या दराच्या गृहकर्जाची मुदतपूर्व फेड केल्याबद्दल व्यक्तिगत कर्जदाराकडून शुल्क घेण्यास बँकांना २०१२ पासून मनाई आहे. कर्जाच्या सुरुवातीच्या वर्षांत भरलेला प्रत्येक रुपया सर्वाधिक व्याज वाचवतो.

व्याजाचा दर स्थिर राहत नाही

१० कर्ज घेताना सांगितलेला दर वीस वर्षे तसाच राहील असे अनेकांना वाटते. परंतु ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे बाह्य मापदंडाशी, बहुधा रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, जोडलेली असतात. मे २०२२ च्या आरंभी रेपो दर ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५ टक्क्यांवर पोहोचला. ज्या कुटुंबाने ३० लाख रुपये ७ टक्के दराने २० वर्षांसाठी नुकतेच घेतले होते, त्याचा हप्ता सुमारे २३,२५९ रुपये होता. दर अडीच टक्क्यांनी वाढून ९.५ झाला असता, त्याच मुदतीत कर्ज फेडण्यासाठी सुमारे २७,९६४ रुपये भरणे आवश्यक ठरले.

११ अशा वेळी पुष्कळांनी हप्ता तोच राहिला म्हणून समाधान मानले. पण थोडा हिशेब करा. ३० लाखांवर ९.५ टक्क्यांनी एका महिन्याचे व्याजच २३,७५० रुपये होते. तेव्हा २३,२५९ रुपयांच्या हप्त्यातून व्याजदेखील पुरते फिटत नाही. मनुष्य दरमहा इमानेइतबारे पैसे भरतो, आणि कर्ज मात्र वाढत जाते! याच कारणास्तव ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्देश दिले की, दर बदलताना त्याचा परिणाम कर्जदारास कळवावा आणि हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा दोन्ही, अशी निवड त्याला द्यावी. तुम्हीही वर्षातून एकदा कर्जाचा उतारा मागवून उरलेले मुद्दल व उरलेली मुदत पाहत जा. आणि दर खाली आला, जसा तो २०२५ मध्ये आला, तर हप्ता कमी करून घेण्याऐवजी तोच ठेवा. त्यामुळे मुदत आपोआप घटते.

१२ यास्तव, कर्ज घेण्याआधी स्वतःला विचारा: ‘दर दोन-अडीच टक्क्यांनी वाढला तर आम्ही काय करू? दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर?’ सहा महिन्यांचे हप्ते व घरखर्च भागेल इतकी रक्कम बाजूला असणे, आणि कमावत्या व्यक्तीचा किमान कर्जाइतका साधा मुदत विमा असणे, ही चैन नव्हे. कमावता माणूस अकाली गेल्यास विधवेच्या हाती घर राहील की नोटीस, हे पुष्कळ अंशी यावर अवलंबून असते.

इसार देण्यापूर्वी कागद पाहा

१३ ओळखीचा माणूस आहे, आपल्याच मंडळीतला आहे, एवढ्यावर विसंबून इसार देणे योग्य नाही. विकणारा प्रामाणिक असूनही त्याच्या आधीचा व्यवहार सदोष असू शकतो. म्हणून स्वतंत्र वकिलाकडून मागील ३० वर्षांच्या मालकीहक्काचा शोध घ्या. महाराष्ट्रात सातबारा उतारा वा मिळकत पत्रिका, आधीची खरेदीखते आणि त्यांची सूची क्रमांक दोन पाहावी. कर्नाटक, तामिळनाडू, तेलंगण या राज्यांत बोजा प्रमाणपत्र मागावे. मध्य प्रदेशात शेतजमिनीचा खसरा-खतौनी तपासावा. इमारत तयार असल्यास भोगवटा प्रमाणपत्र आहे काय, हे विचारल्यावाचून राहू नका. केवळ मुखत्यारपत्रावर केलेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

१४ नव्या इमारतींच्या बाबतीत २०१६ चा स्थावर संपदा कायदा, ज्याला लोक ‘रेरा’ म्हणतात, मोठा आधार आहे. त्यानुसार प्रकल्पाची नोंदणी झालेली असते आणि राज्याच्या प्राधिकरणाकडे ताब्याची तारीख व मंजुरी पाहावयास मिळतात. नोंदणीकृत करारनामा केल्यावाचून विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष निदर्शनास आणल्यास तो त्याने विनाशुल्क दुरुस्त करून दिला पाहिजे. तसेच, चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतील प्रत्यक्ष वापराची जागा, किती आहे हे विचारा. ९०० चौरस फूट म्हणून सांगितलेल्या घराचे चटई क्षेत्र ६३० चौरस फूट भरले, तर दोन घरांची तुलना ६३० वरच करावयास हवी.

१५ “काही रक्कम रोखीने द्या, कागदावर किंमत कमी दाखवू,” असे कोणी सुचवल्यास काय करावे? या बाबतीत आपली विवेकबुद्धी आणि आपला हिशेब दोन्ही एकच उत्तर देतात. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने जून २०१५ पासून मनाई आहे. रोख दिलेल्या पैशाची पावती नसते. व्यवहार फिसकटल्यास ते परत मागावयाचे कसे? कर्ज कागदावरील किमतीवर ठरते, म्हणून रोख रक्कम पूर्णतः तुमच्या बचतीतून जाते. पुढे घर विकताना नफा फुगलेला दिसतो व कर अधिक भरावा लागतो. ५० लाख वा अधिक किमतीचे घर घेताना १ टक्का कर कापून सरकारजमा करणे हीदेखील खरेदीदाराचीच जबाबदारी आहे.

जामीन राहण्याआधी

१६ बंधुभावापोटी एखाद्याच्या गृहकर्जाला जामीन राहण्याची विनंती आपल्यापैकी अनेकांना होते. नकार देणे जड जाते. “नुसती सही तर करावयाची आहे,” असे म्हटले जाते. पण १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार, वेगळे ठरलेले नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. तुमच्या स्वतःच्या कर्जाची पात्रताही त्यामुळे घटू शकते. तेव्हा एकच कसोटी लावा: ‘हे कर्ज उद्या मलाच फेडावे लागले तर माझे घर त्यात टिकेल काय?’ उत्तर नाही असे असेल, तर आज प्रेमाने दिलेला नकार उद्याच्या कडवटपणाहून बरा. पेलेल इतकी रक्कम सरळ मदत म्हणून देणे हाही एक मार्ग आहे.

हप्ता थकला तर

१७ सर्व काळजी घेऊनही आजारपण किंवा बेकारी येऊ शकते. अशा प्रसंगी लाजेपायी बँकेचे फोन टाळणे हे सर्वांत नुकसानकारक पाऊल आहे. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकल्यास कर्ज अनुत्पादक ठरते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन बँक तारण घर ताब्यात घेण्याची कारवाई सुरू करू शकते. म्हणून पहिला हप्ता चुकण्याची चिन्हे दिसताच लेखी अर्ज द्या आणि मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची विनंती करा. घर राखणे अशक्यच दिसत असेल, तर लिलावापूर्वी ते स्वतः विकल्यास बहुधा अधिक मोल येते. यात अपमान नाही. कुटुंब सावरणे हे घर राखण्याहून मोठे आहे.

घर झाल्यावरची जबाबदारी

१८ किल्ल्या हाती आल्या म्हणजे खर्च संपला असे नाही. मालमत्ता कर, सोसायटीची देखभाल वर्गणी, गळती आणि रंगकाम यांसाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवा. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा, आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा झाली पाहिजे. जुनी सदनिका घेताना हा अहवाल मागावा. सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे काय, हेही विचारावे. पुनर्विकासाच्या वेळी हा प्रश्न हमखास उभा राहतो.

१९ कर्ज फिटल्याच्या दिवशी आणखी एक काम उरते. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या निर्देशानुसार पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत दिली पाहिजेत. संस्थेच्या दोषाने विलंब झाल्यास दर दिवशी ५,००० रुपये भरपाई मिळते. कागदपत्रांबरोबर बोजा उतरल्याची नोंदही करून घ्या.

२० शेवटी, आपल्यामागे घराचे काय होईल? ‘सोसायटीत मुलाचे नाव लावले आहे,’ एवढ्याने प्रश्न सुटत नाही. नामनिर्देशित व्यक्ती आपोआप मालक होत नाही. ती वारसांच्या वतीने घर सांभाळते. आपल्या देशातील बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. गोव्यात मात्र तेथील वेगळा कायदा आहे. त्या १९२५ च्या कायद्यानुसार मृत्युपत्र नसल्यास पती वा पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना समान वाट्याने मिळते. मुलगा व मुलगी असा भेद नाही. हयात पत्नीला पूर्ण घर मिळावे असे वाटत असेल, तर मृत्युपत्र करणे आवश्यक आहे. ते दोन साक्षीदारांनी साक्षांकित करावे, मात्र ज्याला लाभ मिळणार त्याने किंवा त्याच्या जोडीदाराने साक्षीदार होऊ नये, अन्यथा त्याचा लाभ रद्द होतो. शिवाय, विवाहापूर्वी केलेले मृत्युपत्र विवाहाने रद्द होते, म्हणून ते पुन्हा करावे लागते.

२१ खरे पाहता, घराची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही. हप्त्यापायी वडील रात्रपाळ्या करत राहिले आणि मुलांनी त्यांना जागेपणी पाहिलेच नाही, तर त्या मोठ्या दिवाणखान्याचा काय उपयोग? लहान घरात कुटुंब एकत्र जेवू शकते, आणि भाड्याच्या घरातही मनुष्य सन्मानाने राहू शकतो. तेव्हा या आठवड्यात एका संध्याकाळी पती-पत्नींनी वही घेऊन एकत्र बसावे. मुले मोठी असतील तर त्यांनाही जवळ घ्यावे. हिशेब ‘घ्या’ म्हणाला तर निर्धास्तपणे पाऊल उचला. ‘थांबा’ म्हणाला तर थांबणे हेही सुज्ञपणाचेच पाऊल आहे.

तुम्ही कशी उत्तरे द्याल?

□ जाहिरातीतील किमतीखेरीज स्वतःच्या बचतीतून कोणते खर्च करावे लागतात? (परिच्छेद ३-५)

□ हप्ता पेलेल की नाही हे सही करण्याआधी कसे ताडून पाहता येईल? (६, ७)

□ दर वाढूनही हप्ता तोच राहिला, तर यात कोणता धोका असू शकतो? (१०, ११)

□ ओळखीच्या माणसाकडून घर घेतानाही कोणते कागद पाहावेत? (१३, १४)

□ जामीन राहण्याआधी स्वतःला कोणता प्रश्न विचारावा? (१६)

□ नामनिर्देशन केलेले असतानाही मृत्युपत्राची आवश्यकता का आहे? (२०)